तिसरं अंडं

दगडाबाईने खिडकीला घोंगडं अडकवलं, दार ओढून घेतलं आणि भरदुपारी खोलीत अंधार केला. "हं, दाव आता काय दावायचं ते," ती लेकीला म्हणाली.

लेक सुकन्या बारामतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. सकाळच्या एस.टी.ने निरवांगीला येताना तिने स्टीलच्या डब्यात, लोकरीत गुंडाळून, कॉलेजात उबवत ठेवलेली तीन अंडी आणली होती. वाटभर डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. शेजारच्या बाईने "खवा हाय का?" असं विचारलं, तेव्हा तिने सरळ मान डोलावली होती.

ही सगळी यातायात वहिनीसाठी होती. सारजाला तिसरा महिना लागला होता. पहिल्या खेपेला याच सुमारास तिचा गर्भ पडला. अंगात ऊब कमी पडली, पोटुशीला ब्रँडी द्यावी, असं चार बायांनी सांगितलं आणि दगडाबाईच्या मनाने ते घेतलं. या खेपेला तिने मुलाला, गोकुळला, इंदापूरहून बाटली आणायला लावली. रोज संध्याकाळी टोपणभर, साखरेच्या पाण्यातून. सारजा नाक दाबून प्यायची. इतक्या मायेने पुढे केलेल्या पेल्याला नको कसं म्हणायचं?

गेल्या सुट्टीत सुकन्याने तोंडाने सांगून पाहिलं होतं. तेव्हा दगडाबाईने विचारलं होतं, "तुझं पुस्तक लिवनाऱ्यानं किती बाळंतपनं केल्यात?" यावर पुस्तकात काही उत्तर नव्हतं. म्हणून आज अंडी. कोंबडी उबवायला बसवली, की कोणत्या अंड्यात जीव धरलाय ते दगडाबाई स्वतः बॅटरीच्या उजेडात बघायची. तिथे तिला कुणी फसवू शकत नव्हतं.

"कवचाला बारीक भोक पाडून ह्याच्यात नुसतं पान्याचं थेंब सोडलं, वर मेन लावलं," सुकन्या म्हणाली आणि पहिलं अंडं बॅटरीच्या काचेवर धरलं. ते आतून केशरी झालं. लाल धागे अगदी कडेपर्यंत पसरले होते.

"जितं हाय," दगडाबाई म्हणाली. "शिरा बघ की कशा भरल्यात."

"त्याच शिरांतनं त्याला खायला मिळतं. आता हे बघ. ह्याला पान्याच्या जागी दारूचं थेंब. रोज."

दुसऱ्या अंड्यात चार-दोन धागे होते, तेही अर्ध्यावर तुटलेले. दगडाबाईने अंडं फिरवून पाहिलं. सेल उतरले असतील म्हणून बॅटरी तळहातावर आपटली. उजेड वाढला, धागे तेवढेच राहिले.

"हे कोंबडीचं. मानसाचं न्यारं आस्तं," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"आसंल न्यारं. पर आये, बाईनं पेलेली दारू पोटातल्यापतुर जातीच. आन तितंबी आत्ता शिराच तयार व्हत्यात."

सारजा भिंतीला टेकून उभी होती. तिचा हात आपसूक पोटावर गेला. "मग आता काय उपेग, वन्सं?" ती म्हणाली. "मी तर रोज पेले."

"तू न्हाय पेलीस," दगडाबाई म्हणाली. "मी पाजली."

सुकन्याने तिसरं अंडं उचललं, ते इतक्या घाईने, की हातातून निसटता निसटता राहिलं. "ह्याला पयल्यांदा दारू दिली. मग बंद केली."

दगडाबाईने अंडं तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच बॅटरीवर धरलं. हे पहिल्याइतकं भरलेलं नव्हतं. एका अंगाला मोकळी जागा होती. पण तिथेही केसासारखे धागे निघाले होते, आणि मधला ठिपका हलत होता. ती श्वास धरून बघत राहिली.

"नव्या शिरा फुटायला लागल्यात," ती म्हणाली. "सारजे, हिकडं यी. बघ."

सारजा वाकली. बराच वेळ तिने मान वर केली नाही.

"अंड्यावरनं मानसाचं खात्रीनं सांगता येत न्हाय," सुकन्या हळूच म्हणाली. "सरांनीबी तसंच सांगितलंय. पर कवाबी थांबवलं तरी बरंच. आजपासनं..."

"आजपासनं कशाला? आत्तापासनं!"

दगडाबाईने घोंगडं ओढून काढलं, पिठाच्या डब्यामागची बाटली घेतली आणि मोरीत उपडी केली. वास बाहेर ओट्यापर्यंत गेला. तिथे तिचा नवरा म्हस्कू बसला होता. इतके दिवस त्या बाटलीकडे बघायचीही त्याला बंदी होती.

"आगं, पोरगी पोटुशीला नगं म्हनली," तो कळवळून ओरडला. "माझ्या पोटात काय हाय?"

दगडाबाई पदराला हात पुसत आली आणि सारजाच्या शेजारी भुईवर बसली.

"माझ्या आदी आईची चार गेली," ती म्हणाली. "काळाला नगं वाटावं म्हनून मला दगडा म्हनली. ह्याला आसलं नाव नगं. तू चांगलं बघून ठीव. पोराचं येक, पोरीचं येक."

सारजा तिच्याकडे बघतच राहिली. मूल मांडीवर येईपर्यंत या घरात त्याच्याविषयी कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे.

"आत्या, आदी नाव ठिवू नये म्हनत्यात."

"म्हनत्यात," दगडाबाई म्हणाली. "ब्रँडी द्यावी आसंबी म्हनत्यात."