अँजेलिनाचा हट्ट

पाय दाखवायला ती आजही तयार नव्हती.

"सूज उतरलीय," अँजेलिना म्हणाली आणि लुगड्याचा काठ घोट्यांवर ओढून घेतला.

"काल उशीसारखे झालेले पाय आज उतरले?" ग्रेगरी सुकाणू सोडून तिच्याजवळ आला. "श्वास बघ तुझा, फाटक्या भात्यासारखा वाजतोय. कांदिवलीचा डॉक्टर फोनवर काय बोलला? ताबडतोब ॲडमिट करा."

"पोर मिळू दे. मग कर ॲडमिट."

समोरून मनोरीची फेरीबोट गेली. "काका, रिटायर्ड लाइफ असावी तर अशी," एक गॉगलवाला ओरडला आणि त्याने दोघांचा फोटो काढला. ग्रेगरीने पाठ फिरवली. होडीवर चूल, दोरीवर कपडे आणि म्हातारा-म्हातारी दिसली की लोकांना पिकनिक वाटते. मढपासून वसईपर्यंत किनारा धरून ही दोघं काय हुडकतात, ते विचारायची अक्कल एकालाही होत नाही. साहेब लोकांना तरी कुठे झाली? पोर ज्यावर कामाला होतं तो ट्रॉलर बुडाला, ते लाँचमधून एक चक्कर मारून आले, 'बेपत्ता' असं लिहिलं आणि जेवायला गेले. ॲश्टन, या दोघांचा एकुलता एक, बेपत्ता. जणू चप्पल हरवली.

बातमी आली त्या संध्याकाळी ग्रेगरी पिऊन तर्र होऊन मनोरीच्या पाण्यात चालत गेला होता. छातीपर्यंत पाणी आलं तरी थांबला नाही. चुलतभाऊ लॉईडने मानगुटीला धरून बाहेर ओढला. चिखलात बसलेल्या नवऱ्याला अँजेलिनाने एवढंच विचारलं, "तू मेलास तर पोराला शोधणार कोण?"

तेव्हापासून बाटली सुटली. कारखान्यातून रिटायर झालेल्या त्या फिटरने बापाची जुनी होडी दुरुस्त केली, इंजिन जागं केलं. आणि अँजेलिनाने शपथ घेतली की पोर मिळेपर्यंत जमिनीला पाय लावणार नाही. डिझेल, तांदूळ आणायला तो उतरायचा. ती नाताळलाही उतरली नाही. तो कंटाळला, कुठे टेकला की ती म्हणायची, "बसलास काय? जाळं टाक."

तिच्या त्या हट्टाने त्याला जगवलं होतं. तोच हट्ट आता तिला मारत होता.

ग्रेगरीला कधी कधी तिचा भयंकर राग यायचा. गेल्या वर्षी तो डिझेलला गेला, परत येतो तर होडीचा नांगर गायब. लॉईडने दिलेली जाड चादरही गायब. खाडीच्या तोंडाशी, जाळी बांधायच्या खुंट्यांजवळ होडी नुसती एका खुंट्याला बांधलेली. "नांगर दगडात अडकला, दोर तुटला," ती म्हणाली. "चादर वाळत घातलेली, वाऱ्याने गेली." त्याने आठवडाभर तिला फाडून खाल्लं. एक नांगर सांभाळता येत नाही? तिचे तळहात सोलले होते. दोर ओढायला गेली असेल, असं त्याला वाटलं आणि मग आपल्या बोलण्याची त्याला लाज वाटली.

आता होडी त्याच खुंट्यांकडे निघाली होती. अँजेलिनाने नेहमीसारखा डोक्यावर पदर घेतला. तिथून देवळाचा क्रूस दिसतो. बाई भाविक.

ग्रेगरीच्या खिशात मेडल होतं. ॲश्टनच्या गळ्यात बाप्तिस्म्यापासून होतं तसंच, मदर मेरीचं. त्या मेडलच्या मागे ग्रेगरीने खिळ्याने मासा कोरला होता, पण हात घसरून शेपटी वाकडी झाली होती. हे नवं मेडल त्याने वांद्र्याच्या जत्रेतून आणलं, तशीच वाकडी शेपटी कोरली आणि खाऱ्या चिखलाच्या डब्यात घालून काळं पाडलं. मेलेल्या पोराच्या नावाने बायकोला फसवायचं. माणूस याहून खाली जात नसेल. पण ती डोळ्यांदेखत जात होती, त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याने पाठमोरं होऊन जाळं ओढलं, मेडल चिखलात अडकवलं आणि हाक मारली. "अँजी. इकडे ये."

ती बसल्या जागेवरून सरकत आली. त्याने मेडल तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटं केलं, शेपटीवरून अंगठा फिरवला. मग मेडलकडे न बघता त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली.

"तुला वाटतं, हे त्याचंच आहे?"

"त्याचंच. मी कोरलंय, मला नाही कळणार?"

"म्हणजे आता शोधायचं नाही."

"नाही."

"आणि तू? तू काय करशील?"

"मी काय करणार? तुला दवाखान्यात नेणार. बरी झालीस की तुझ्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण खाणार."

"आणि मी बरी नाही झाले तर?"

त्याने जाळं आत ओढून घेतलं. "तर मीच करून खाईन. मीठ जास्त पडेल."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. "चल मग."

मार्वेच्या जेटीवर लॉईड रिक्षा घेऊन उभा होता. दोघांनी धरून तिला उतरवलं. तिचे सुजलेले पाय सिमेंटवर टेकले, तेव्हा ग्रेगरी रडायला लागला. जिंकलो, असं त्याला वाटलं. आपण हलकट आहोत, असंही वाटलं.

"लॉईड, तू जरा पुढे हो," ती म्हणाली.

तिने कमरेची गाठ सोडली. आतून एक चिंधी काढली, चिंधीतून एक मेडल. त्याने दिलेलं मेडल तिने त्याच्या तळहातावर ठेवलं आणि शेजारी हे. मिठाने खाल्लेलं, जवळजवळ गुळगुळीत झालेलं. मागची वाकडी शेपटी मात्र अजून हाताला लागत होती.

अँजेलिनाने खाडीकडे वळून डोक्यावर पदर घेतला.

"चादर वाऱ्याने गेली नव्हती. नांगर तुटला नव्हता, ग्रेगरी."