जिभाऊंची जीभ

बायकोने पाण्याचा ग्लास उचलला आणि जिभाऊंनी समोरचा मासा मनातल्या मनात निकालात काढला.

पाण्याचा ग्लास म्हणजे अळणी. नॅपकिन ओठांना लावला तर खारट. चष्मा नाकावर वर सरकवला की उत्तम. एवढीच त्यांची बाराखडी होती आणि तिच्यावर घर चाललं होतं.

जिभाऊ हे नाव कचेरीने ठेवलेलं. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत त्यांचं सदर यायचं: दोन दिवसांच्या सहलीत कुठल्या शहरात काय खावं, काय प्यावं आणि कुठल्या पाटीसमोरून मान खाली घालून निघून जावं. गेल्या वर्षी नवराबायको दोघंही एकदमच तापाने आडवे झाले. ती आधी उठली आणि त्यांची उस्तवार करायला लागली. ते उठले तेव्हा जीभ जागेवर होती, चव नव्हती. वासही गेला होता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून वाट बघणं चालू होतं.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. संपादकांच्या कानावर गेलं असतं तर सदर गेलं असतं, आणि या वयात जिभाऊंना दुसरं काहीच येत नव्हतं.

"मी आहे ना," ती म्हणाली होती.

तेव्हापासून ती त्यांच्याबरोबर गावोगाव जेवत होती. हो-नाही तिचं, विशेषणं त्यांची. विशेषणांना चव लागत नाही, हे जिभाऊंना या धंद्यात फार उशिरा कळलं.

गंमत म्हणजे सदर सुधारलं. पूर्वी वाचक भांडायचे, तुमची जीभ म्हणजे काय कायदा आहे का म्हणून. आता रस्त्यात अडवून म्हणायचे, "अगदी आमच्या मनातलं लिहिता हो!"

"अगं, माझ्याकडे बघ की जरा," मासा बाजूला सारत जिभाऊ म्हणाले. "सारखी काय लोकांच्या ताटात डोकावतेस? बरं दिसतं का ते?"

"खोडच आहे मेली."

"आणि टेबल पाहिजे ते किचनच्या दाराशीच. उष्टी ताटं डोक्यावरून जातात आपल्या."

"तिथे ऊब असते," ती म्हणाली. "तुम्ही लिहा. मासा अळणी, कॉफी मात्र झकास."

"कॉफी अजून आलीच नाहीये."

"येईल की. वासावरून कळतं."

जिभाऊंनी वहीत 'कॉफी झकास' लिहून टाकलं. वासाच्या बाबतीत त्यांना बोलायला तोंड नव्हतं. तापानंतर ती जरा विचित्रच झाली होती. घरी आयुष्यभर चिमटीच्या अंदाजाने मीठ टाकणारी बाई आता चमच्याने मोजून टाकायची. वय झालं, दुसरं काय.

सहलीहून परतल्यावर संपादकांनी खोलीत बोलावून घेतलं.

"जिभाऊ, हल्ली तुम्ही वहिनींशिवाय कुठेच जात नाही."

"लग्न झालंय, साहेब."

"माझंही झालंय. म्हणून तर मी एकटा जातो." संपादक हसले नाहीत. "लोक बोलतात. हात तुमचा आणि जीभ वहिनींची म्हणे. उद्या दुपारी माझ्या मित्राच्या नव्या हॉटेलात या. वहिनींनाही आणा. उद्घाटन परवा आहे, त्यामुळे आपण तिघंच. सदराचं काय ते ठरवून टाकू."

घरी हे सांगितलं तेव्हा बायकोच्या हातातलं फडकं थांबलं.

"दुसरं कुणीच नसणार?"

"बरंच झालं. खुणा कुणाला दिसायला नकोत."

"संपादक तरी जेवणार आहेत ना?"

"जेवायलाच बोलावलंय, अगं! तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली आणि पुसलेलं भांडंच पुन्हा पुसायला लागली.

हॉटेलात रिकाम्या टेबलांवर नॅपकिन टोकदार टोप्या करून बसले होते. यांचं टेबल मधोमध होतं, किचन कुठल्या कुठे. सूप आलं. तीन वाडगे, वाफाळते.

जिभाऊंनी चमचाभर घेतलं. गरम आहे, एवढं कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनेही एक चमचा घेतला आणि थांबली. हात ग्लासकडे गेला नाही, नॅपकिनकडे नाही, चष्म्याकडेही नाही. मांडीवर तसाच पडून राहिला.

संपादक भुरके मारत होते.

"बोला, जिभाऊ."

"घाई करू नये, साहेब. सूप म्हणजे..." सूप म्हणजे काय, ते जिभाऊंना पुढे सुचेना. त्यांनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. कपाळावर घाम आला. तो सुपाच्या वाफेवर खपून गेला.

संपादकांनी वाडगा तिरका केला, तळ गाठला आणि उरलंसुरलं पावाने पुसून घेतलं.

बायकोने चष्मा वर सरकवला.

जिभाऊंचा जीव भांड्यात पडला. "साहेब, बाकी सगळं सोडा. मीठ बघा! असं मुरलंय की घातलंय हे कळतसुद्धा नाही."

"कळणार कसं?" संपादक म्हणाले. "माझ्या वाडग्यात होतं. तुमच्या दोघांच्या वाडग्यांत घालू नका, असं मीच सांगितलं होतं."

त्यांनी नॅपकिनची घडी केली. "पुढच्या रविवारपासून सदर दुसरं कुणीतरी लिहील. येतो, वहिनी." आणि ते मित्राला भेटायला आत निघून गेले.

जिभाऊंनी वाडगा दूर सारला.

"अगं, शेंबड्या पोरालाही कळलं असतं," ते म्हणाले. "मिठाचा कण नाही, आणि तू खुशाल चष्मा सरकवतेस?"

तिने चष्मा काढला आणि पदराने काचा पुसल्या.

"त्यांनी वाडगा चाटूनपुसून संपवला हो," ती म्हणाली. "त्या तापापासून मी दुसऱ्यांची ताटं बघूनच तर सांगत आलेय."