फोटोसारखा गाल

डॉक्टरांनी रुपरावांना बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहराच उतरला.

“माझ्यासमोर विचारा ना साहेब. मी बाप आहो तिचा.”

“म्हणूनच बाहेर बसा,” डॉक्टर म्हणाले.

लकडगंजात लाकडाचं दुकान चालवणारा हा रांगडा माणूस मुकाट्याने उठला. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात आता जयवंता एकटी उरली. तिच्या डाव्या गालावर जन्मापासूनचा काळा डाग होता, चांगला रुपयाएवढा.

डॉक्टरांनी टेबलावरचा फोटो उचलला. चेहरा जयवंताचाच, पण गाल स्वच्छ. फोटोवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग पार घालवला होता. स्थळांना पाठवायचे फोटो तो असेच करायचा. सगळेच करायचे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

त्याचीच एक प्रत भिलाईला गेली. तिथे पोलादाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या चंद्रभानने तो पाहिला न पाहिला तोच होकार कळवला. आता बोला. एवढं चांगलं स्थळ चालून आलं, तर बापाने पेढे वाटावेत. रुपरावांची मात्र झोप उडाली. दिवाळी झाली की मुलाकडचे पोरगी पाहायला येणार होते.

“ऑपरेशन तुला हवंय, की वडिलांना?”

जयवंताने पदराचा काठ बोटाला गुंडाळला. शाळेत पोरींनी चिडवून जीव नकोसा केला होता, ते खरं. पण डाग गेला तर आरशात कोण दिसेल, या विचाराने तिला धडकी भरायची. नको म्हणावंसं तिला फार वाटत होतं.

“दुखते का?” तिने विचारलं.

“थोडं दुखेल. बारीक रेघ राहील. कधी कधी गाल बधिरही राहतो. केलं नाहीस तरी तब्येतीला काही धोका नाही. मुलाला खरं सांगून पाहिलंत?”

“बाबा म्हणतात, एकदा नकार आला का पुढचे दरवाजे बी बंद होतात.”

दाराबाहेर रुपरावांच्या वहाणा करकरत होत्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जयवंताने दाराकडे पाहिलं.

“मलेच पाहिजे,” ती म्हणाली. इतक्या सरळ आवाजात ती खोटं बोलली, की डॉक्टरांनी मान डोलावली.

दिवाळीनंतर पाहुणे आले. पावडरखाली रेघ दिसत नव्हती. कांतामावशीने तिची हनुवटी धरून म्हटलं, “हुबेहूब फोटोवानी दिसून राहिली वं.”

पोह्यांच्या बश्या घेऊन जयवंता बाहेर आली. चंद्रभानने तिच्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे. त्याचा चेहरा कसनुसा झाला. तो सोबत आलेल्या आपल्या मामाच्या कानाशी लागला.

रुपराव खुर्चीच्या कडेला सरकले.

मामांनी बशी खाली ठेवली.

“रुपरावजी, लाकूड घ्यायला आला होता तवाच पोराने तुमची पोरगी दुकानावर पाहिली होती. तवापासून तिचंच नाव घेऊन बसला. फोटोत डाग दिसला नाही, तं आम्ही म्हटलं, फोटोवाले पुसतातच. पण तुम्ही तं दुसरीच पोरगी आणून उभी केली. काहून असं करता? गालावर डाग आहे ना, तिले बोलवा.”