झाकणाच्या आत

"परशुराम गेल्या वर्षी गेले, म्हणून तुमच्याकडे आले, दौलतराव. नुसतं तेल घाला," मालनताई विजेचं घड्याळ ठेवत म्हणाल्या. "त्यांचा हात लागलेलं घड्याळ कधी थांबलं नाही हो."

मेला तरी टेंभी नाक्यावर त्याचंच कौतुक!

त्या भाजी घ्यायला गेल्या. मी घड्याळ उघडलं आणि कॉइलची तार सरळ कापली. त्याचंच काम कच्चं होतं, असं सांगेन; आता फोडू देत बाईंना त्याच्या नावाने खडे.

आम्ही कारागीर झाकणाच्या आत तारीख, काम आणि नाव कोरून ठेवतो. मी झाकण उलटं केलं. परशुरामाचं तिरपं अक्षर लगेच ओळखलं.

"९ ऑगस्ट १९५१. कॉइल बदलली. परशुराम."

खाली त्याच तिरप्या अक्षरात, गंज चढलेली आणखी एक ओळ होती. तारीख आजची.

"तार कापली. दौलत."