स्टिअरिंगखालचं बटण

मिस्त्रीने बाबांच्या गाडीचा रेडिएटरवरचा पंखा थेट बॅटरीला जोडला, तर पठ्ठ्या भिंगरीसारखा फिरला. “ताई, पंखा ठणठणीत आहे!” वायर परत होती तशी जोडून, ती चाचपत तो स्टिअरिंगखाली शिरला आणि हसला. “सेन्सर उडालाय, म्हणून बाबांनी इथे बटण बसवलंय. इंजिन तापून काटा चढला की हाताने पंखा लावायचा. बोलले नाहीत?” बोलणार कशाला? हयातीत त्यांनी कुणाला गाडीला हात लावू दिला नव्हता. झटका आला त्या दुपारी मात्र तिने चालवली. शेजारी बाबा, तोंड वाकडं, वाचा गेलेली. उजवा हात सारखा स्टिअरिंगकडे झेपावत होता. घाबरलेत बिचारे, असं वाटून तिने तो घट्ट धरला. बाबा सोडवायला धडपडले, तिने सोडला नाही. हॉस्पिटल दोन चौकांवर असताना इंजिन उकळून गाडी बंद पडली आणि सगळ्यालाच उशीर झाला. तिने आता वाकून बटण दाबलं. पंखा लगेच फिरला.