पाहुणीचं पान

पळी पातेल्यावर खणकन आपटली आणि आवळीच्या झाडाखालची शांतता मोडली. “आमच्या केतकीला भात मऊच लागतो हं,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

आमच्या! धाकट्या जावेला तो शब्द झोंबला. दुसऱ्या बाळंतपणात तिनंच लेकीला पावसाळाभर जाऊबाईंच्या या रानातल्या घरी ठेवलं होतं. आज न्यायला आली, तर पोर कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात काकूच्या मांडीवर रेलून आवळा चाखत होती. गालांवर अशी तुकतुकी घरी कधी नव्हती. तेही सलत होतं.

जेवण झाल्यावर धाकटी आपली पत्रावळ उचलू लागली, तशी केतकी धावली. “ठेव, ठेव! काकू म्हणते, पाहुण्यांनी पान उचलायचं नसतं.”

“अगं वेडे, आई ना ती तुझी! ती कुठली पाहुणी?” जाऊबाई हसल्या.

केतकी विचारात पडली. एका हातात आईची पत्रावळ, दुसऱ्या हातात स्वतःची.

“मग आई, पाहुणी कोण, मी?”