नमुन्याचं पाणी

जिल्ह्याच्या शास्त्र-प्रदर्शनात चार मडक्यांच्या गाळणीला पहिला नंबर मिळाला. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून कुणाला काही मिळालेलं नाही. आज शनिवार आहे, प्रदर्शन सोमवारी आहे, आणि गाळणीची घडवंची डुगडुगते आहे.

नौपाड्यातल्या शाळेत, सातवीच्या वर्गात, हरिहर लेले सर गुडघे टेकून घडवंचीचा आखूड पाय कुठला ते शोधत होते. दर वेळी दुसराच पाय आखूड निघत होता. वर तीन मडकी एकावर एक: खडी, कोळसा, वाळू. खाली चौथं, रिकामं. वर्गातली उत्तरा शेजारी गाळणीच्या कृतीचा तक्ता धरून उभी होती.

जया कळशी घेऊन आत आली. ती खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या पाड्यातली. नमुन्याचं पाणी पाड्यातल्या विहिरीवरून आणायचं काम तिचं.

"दोन दिवस होतीस कुठे?" सर खालूनच म्हणाले.

"माझा भाऊ वारला, सर. गोविंदा. पटकीनं."

सर उठले. त्यांनी हातांची धूळ झटकली, मग पुन्हा झटकली.

"अरेरे. केवढा होता?"

"पाच वर्षांचा."

"अरेरे," सर म्हणाले. "आणि पानी आणलंस ना?" ते पाड्यातल्यासारखं बोलून गेले, मग सुधारलं. "पाणी."

"आणलं."

"शाबास."

जयाने घडी घातलेला एक कागद पुढे केला. "सर, अर्ज आहे. मराठीच्या तासाला शिकवला तसाच लिहिलाय. सोमवारी प्रदर्शनाला आरोग्य खात्याचे मोठे साहेब येतील, त्यांना द्याल?"

"देऊ की." सरांनी कागद घेतला, आणखी दोन घड्या घातल्या आणि घडवंचीच्या पायाखाली सरकवला. घडवंची स्थिर झाली. चार दिवसांत पहिल्यांदाच सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

मग त्यांनी कळशीतलं पाणी काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी खिडकीशी धरली. पलीकडचं चिंचेचं झाड पानन्‌पान दिसत होतं.

"हे काय? हे तर स्वच्छ आहे."

"असंच असतं, सर. मोठ्या विहिरीत सरकारी माणसांनी पटकीचं लाल औषध टाकलं. लाल पानी कोण पिणार? सगळा पाडा आता ह्याच लहान विहिरीवर येतो."

"ते ठीक आहे गं. पण आधी स्वच्छ आणि नंतरही स्वच्छ, मग परीक्षकांना दाखवायचं काय? उत्तरा, बागेतली दोन मुठी माती आण."

उत्तराने माती आणली. सरांनी ती बरणीत ढवळली, लांब उभं राहून पाहिलं आणि दौतीतली थोडी शाईही घातली. आता पाणी नमुन्यासारखं दिसायला लागलं. ते वरच्या मडक्यात ओतून तिघंही वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने खालच्या मडक्यात टपटप सुरू झाली. सरांनी ते पाणी पेल्यात घेतलं. नितळ.

"हां. जया, तुझं वाक्य."

जयाचं वाक्य एकच होतं: आता हे पाणी पिण्यास योग्य आहे. ती पेल्याकडे बघत राहिली.

"सर, माती आपण घातली. शाई आपण घातली. तेवढंच आपण काढलं. आधीपासून होतं ते?"

"आधीपासून काय होतं?"

"ते मला कुठे माहीत? मी घरी अशीच गाळणी केलीय. तक्त्यावरून उतरवून घेतली. गोविंदाला त्यातलंच पाजत होते. आज सकाळी धाकट्या बहिणीला, लक्ष्मीला पाजून आले. तीन वर्षांची आहे."

सर तक्त्याकडे बघेनात. उत्तरा मात्र बघत होती.

"सर, पाचवी ओळ सांगू तिला? पट्टीखालची?"

"कसली पट्टी?" जया म्हणाली.

तक्त्यावर चार ओळी होत्या आणि त्यांच्या खाली पांढऱ्या कागदाची लांब पट्टी चिकटवलेली. जयाने नखाने ती सोलली. खाली उत्तराच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ५) हे पाणी वीस मिनिटे उकळून मगच प्यावे.

"हॉलमध्ये स्टोव्ह पेटवू देत नाहीत," सर म्हणाले. "सतरंज्या असतात. आणि तक्त्यावर लिहिलेलं करून दाखवलं नाही, तर मार्क कापतात."

जयाने पट्टी टेबलावर ठेवली. कळशी तिथेच टाकून ती निघाली. व्हरांड्यात आधी तिची चालण्याची चाहूल आली, मग धावण्याची.

"सोमवारी वेळेवर ये," सर दाराकडे बघून म्हणाले. मग उत्तराला म्हणाले, "नाहीच आली, तर तिचं वाक्य तू म्हण."

उत्तरा खाली वाकली आणि तिने घडवंचीच्या पायाखालचा कागद ओढून काढला. मडकी कलली. सरांनी दोन्ही हातांनी ती धरली आणि तसेच उभे राहिले.

"वाच आणि लगेच परत ठेव," ते म्हणाले. "माझे हात भरून येतायत."

उत्तराने वाचलं.

"ता. २१ मार्च १९५३. मेहेरबान आरोग्य अधिकारी साहेब यांसी, अर्जदार कु. जया काळुराम भोईर, इयत्ता सातवी, हिचा सविनय अर्ज की, आमच्या लहान विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून लोक ते पितात आणि मरतात. अर्जदाराने गाळूनही पाहिले. स्वच्छच दिसते. तरी त्या पाण्यात जे मारणारे आहे, ते लहान मुलांनासुद्धा डोळ्यांनी दिसेल असे करण्यात यावे. अर्जदाराच्या घरी अजून एक मूल आहे. सबब हे काम सोमवारीच व्हावे, ही विनंती."